पंच, कोर्ट आणि मधली खोली

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा आज तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्याचे तीन तुकडे महाराष्ट्राच्या, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्याच्या, वाट्याला आले: किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल. उलट बाजूने मुधोळ, भैंसा आणि कुबेर हा नांदेडचा भाग आदिलाबादला जोडला गेला. सरकारी कागदावर हे एका दिवसात उरकले. सोयरिकी मात्र जिथे होत होत्या तिथेच होत राहिल्या. बोथ, नेरडीगोंडा, इच्चोडा या पट्ट्यातल्या मराठी, बंजारा आणि गोंड घरांत आजही किनवट, माहूर, पांढरकवड्याकडच्या सुना येतात आणि इकडच्या मुली तिकडे नांदायला जातात. हैदराबाद-नागपूरच्या 44 क्रमांकाच्या महामार्गाने जाणाऱ्याला नेरडीगोंडा माहीत असते ते कुंतालाच्या धबधब्याला वळायचा फाटा म्हणून. लग्नाबिग्नात हिंडणाऱ्यांना ते दोन राज्यांच्या उंबऱ्यावरचे गाव म्हणून ठाऊक असते.

लग्न जोवर नीट चालते तोवर या उंबऱ्याचा कुणाला त्रास नाही. बिनसले की तो आडवा येतो.

समजा, नेरडीगोंड्याचा मुलगा आणि किनवट तालुक्यातली मुलगी. लग्नाला सहा वर्षे झाली, चार वर्षांचा मुलगा आहे. भांडण विकोपाला गेले, ती मुलाला घेऊन माहेरी जाऊन बसली. त्याने आदिलाबादला घटस्फोटाचा अर्ज लावला. तिने किनवटकडे पोटगी मागितली. मुलाच्या ताब्याचा अर्ज 1890 च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मूल नेहमी जिथे राहते तिथल्या न्यायालयात चालतो. म्हणून मूल सध्या कुणाच्या घरात आहे यावर दोन्हीकडची डोकी चालू लागतात, आणि एखाद्या दुपारी शाळेच्या फाटकावरून पोरगे परस्पर उचलले जाते. आता एका संसाराच्या तीन केसेस दोन राज्यांत झाल्या. तिला आदिलाबादच्या तारखा झेपत नसतील, तर केस आपल्याकडे वर्ग करून घ्यायला तिने जायचे कुठे? एका राज्यातल्या दिवाणी न्यायालयातून दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात खटला हलवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 प्रमाणे फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. म्हणजे दिल्ली! तालुक्याला तालुका लागून असलेल्या दोन गावांचे भांडण सुमारे हजार किलोमीटरवर जाते. 1956 पूर्वी हे दोन्ही पक्ष एकाच जिल्ह्याच्या कचेरीत भेटले असते.

सर्वोच्च न्यायालयात असे वर्ग करण्याचे अर्ज ढिगाने येतात, आणि तिथेही पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: मेडिएशनला बसता का? दिल्लीला जाऊन हा प्रश्न ऐकण्यापेक्षा तो आदिलाबादलाच ऐकलेला बरा. या प्रकरणाचा विषय तो प्रश्न आणि त्याचे उत्तर आहे.

पण आधी या भागातली एक गुंतागुंत समजून घेतली पाहिजे, कारण पुण्या-मुंबईत लिहिलेल्या कायद्याच्या मार्गदर्शिकेत ती नसते. 1955 चा हिंदू विवाह कायदा कलम 2(2) प्रमाणे अनुसूचित जमातींना लागू होत नाही, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय. गोंड, कोलाम, परधान, नायकपोड यांचे लग्न आणि फारकत त्यांच्या रूढीने चालते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यालाही तोच अपवाद आहे. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईजवळ असावे हे त्यातले प्रसिद्ध कलम 6 गोंड आईला थेट वापरता येत नाही. तिच्यासाठी 1890 चाच कायदा उरतो, ज्यात मुलाचे हित पाहायचे असते.

आता बंजाऱ्यांचे घ्या. तेलंगणात लंबाडा ही अनुसूचित जमात आहे. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो, अनुसूचित जमातीत नाही. म्हणजे नेरडीगोंड्याजवळच्या तांड्यावरच्या नवऱ्याला हिंदू विवाह कायदा सरळ लागू नाही, आणि किनवटकडच्या तांड्यावरच्या त्याच्या बायकोला आहे. भाषा एक, देव एक, लग्नाचे विधी एक. कायदा मात्र कोणत्या बाजूने पाहता त्यावर. काही न्यायालयांनी, उदाहरणार्थ दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 मध्ये मीणा जमातीच्या एका जोडप्याबाबत, लग्न हिंदू रीतीने लागले असेल तर हा कायदा लागू धरला आहे. पण असा मुद्दा एकदा निघाला की मूळ भांडण बाजूला राहते आणि 'हा अर्ज चालतो का' यावरच वर्षे जातात. दोन्ही पक्ष आपसात तडजोडीला आले तर या वादातली बरीचशी हवा निघून जाते. एरवी कोणी लिहीत नाही, पण सीमाभागात मध्यस्थीचे हे फार मोठे काम आहे.

तडजोड या भागाला नवीन नाही. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ 1940 च्या दशकात मारलावाई गावात गोंडांमध्ये राहिला. आदिलाबादच्या राजगोंडांवरचे त्याचे पुस्तक 1948 चे आहे. त्याच्या लिखाणात पंचायतीच्या बैठकींचे तपशील येतात: गावचा पटला, जाणती माणसे, दोन्हीकडचे नातलग. बाई नवऱ्याला सोडून दुसऱ्या घरी गेली, तर नव्या नवऱ्याने जुन्याला भरपाई द्यायची, आणि किती ते पंचांनी ठरवायचे. संबंध तुटणे हे तिथे पाप नव्हते, तो हिशेब होता. मूल बापाच्या कुळाचे, ही मात्र ठाम रेघ होती. आजही या जिल्ह्यांत गोंडांची राय सेंटरे, म्हणजे रूढ पंचायती, आहेत आणि त्यांचा प्रमुख असलेल्या सरमेडीच्या पुढ्यात असे तंटे जातात. अनुसूचित क्षेत्रात तर 1996 च्या पेसा कायद्याने तंटे मिटवण्याच्या रूढ पद्धती जपण्याचा अधिकारच ग्रामसभेला दिला आहे.

पंचांची बाजू मला मोडीत काढायची नाही. बैठक दोन दिवसांत बसते, खर्च जेवणावळीपुरता असतो, आणि ठरलेले पाळले जाते का यावर अख्ख्या गावाचा डोळा असतो. कुठलेही न्यायालय ही पाळत ठेवू शकत नाही. उणे बाजू तितकीच ठळक आहे. बैठकीत बाईच्या वतीने बोलतो तिचा बाप किंवा भाऊ. ती कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन बसलेली, आणि प्रश्न असतो तो 'पोरीला नांदवणार की नाही'. घराण्याची अब्रू राहिली की पंच उठतात. मुलाचे नाव निघते ते 'लेकरू कुणाकडे' एवढ्यापुरते. आठवड्यातून किती दिवस, शाळेची फी कोण भरणार, आजारी पडले तर कोणाला फोन, हे कोणी विचारत नाही. काही समाजांत याच पंचायती दंड, वाळीत टाकणे इथवर गेल्या. म्हणून महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो 2017 पासून लागू आहे. तेलंगणाच्या बाजूला तो कायदा नाही.

बैठक संपली की शंभराच्या बाँडवर लिहून घेतात. 'आम्ही उभयता राजीखुशीने फारकत घेत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहणार नाही', खाली दोन्हीकडच्या सह्या-अंगठे, साक्षीदार, नोटरीचा शिक्का. हा कागद लोक ट्रंकेत जपून ठेवतात आणि त्याच्या बळावर दुसरे लग्न करतात. इथे सावध राहिले पाहिजे. हिंदू विवाह कायद्याचे कलम 29(2) रूढीने होणारा घटस्फोट मान्य करते हे खरे, पण तशी रूढी त्या समाजात आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये एका खटल्यात स्पष्ट सांगितले. ज्या समाजात अशी रूढी नाही, तिथे त्या बाँडची किंमत शंभर रुपयेच. दुसरे लग्न बेकायदा ठरते, आणि दुसऱ्या बायकोच्या पोटगीपासून पहिलीच्या वारसाहक्कापर्यंत सगळे उघडे पडते. ज्यांच्यात रूढी आहे त्यांनीही, पुढेमागे नोकरी, पेन्शन, जमिनीचा फेरफार यांत अडचण नको असेल, तर फारकत झाल्याचे दिवाणी न्यायालयाकडून जाहीर करून घेणे शहाणपणाचे.

बैठकीच्या एका टोकाला हा बाँड, तर दुसऱ्या टोकाला कोर्टाची पायरी. तिथे वकील, तारखा, आणि अर्जात एकमेकांवर केलेले असे आरोप की ते एकदा टाइप झाल्यावर त्या दोघांना पुन्हा एकमेकांच्या तोंडाकडे बघणे जड जावे. या दोन्हींच्या मध्ये मेडिएशनची खोली आहे.

कायद्याच्या पुस्तकात तिचा रस्ता असा आला. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायाधीशावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याचे बंधन घातले. पुणे आणि मुंबईला अशी न्यायालये 1989 मध्ये सुरू झाली आणि विवाह समुपदेशक हा नवा माणूस मराठी कोर्टकचेरीत दिसू लागला. दिवाणी संहितेचे कलम 89 जुलै 2002 पासून नव्या रूपात अमलात आले, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व समेट प्रकल्प समिती नेमली गेली. 2010 च्या निकालात नवराबायकोचे तंटे, पोटगी आणि मुलांचा ताबा हे मध्यस्थीला योग्य विषय म्हणून नाव घेऊन सांगितले गेले. पण नेरडीगोंड्याच्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा निकाल फेब्रुवारी 2013 चा. खटला तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातला. एप्रिल 1999 मध्ये लग्न झाले, लगेच दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांत हमरीतुमरी झाली, पायताणे फेकण्यापर्यंत गोष्ट गेली, आणि दोनच दिवसांत नवरानवरी वेगळे झाले. तो संसार कधी सुरूच झाला नाही. कज्जा मात्र 2013 पर्यंत चालला. भांडण मोठ्या माणसांचे आणि वर्षे गेली ती तरुण दोघांची. त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कौटुंबिक न्यायालयांनी असे तंटे मध्यस्थी केंद्राकडे पाठवावेत, आणि केंद्रांनी खटला दाखल होण्याच्या आधीच येणाऱ्यांसाठी वेगळी सोय ठेवावी. तेव्हापासून मध्यस्थीला बसण्यासाठी अर्ज दाखल झालेलाच हवा असे राहिले नाही.

मध्यस्थी म्हणजे समजूत घालणे नव्हे. हे दोनदा लिहावे इतके महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे चार शहाणी माणसे जमली की 'झालं गेलं विसरा, लेकराकडे बघून नांदा' हेच सुरू होते. तो मध्यस्थाचा धंदा नाही. तो निकाल देत नाही, बाजू घेत नाही, कोण चुकले ते विचारत नाही. दोघांना एकत्र राहायचे असेल तर कोणत्या अटींवर, आणि वेगळे व्हायचे असेल तर कसे, एवढेच तो त्यांच्याच तोंडून काढून घेतो. पुष्कळ वेळा यशस्वी मध्यस्थीचा शेवट नीटनेटक्या घटस्फोटात होतो, आणि त्यात वाईट काही नाही.

खोलीत काय होते? प्रशिक्षित मध्यस्थ, बहुधा चाळीस तासांचे प्रशिक्षण घेतलेला वकील किंवा निवृत्त न्यायाधीश, टेबलाच्या एका बाजूला. नवराबायको समोर, वकील असतील तर त्यांच्या शेजारी. पहिल्या दहा मिनिटांत सासरा बोलू लागतो. चांगला मध्यस्थ तिथेच थांबवतो: "काका, तुमचं ऐकतो, पण आधी या दोघांचं. तुम्ही जरा बाहेर बसता का?" मग एकत्र बैठक, मग प्रत्येकाशी वेगळी. वेगळ्या बैठकीत दार लागले की बाई प्रथमच कोणाची बहीण, कोणाची मुलगी म्हणून न बोलता स्वतःचे बोलते. पंचांच्या बैठकीत आणि इथे सर्वांत मोठा फरक या बंद दाराचा आहे. तिने आत सांगितलेले तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्या बाजूला सांगायचे नाही. बोलणी फिसकटली तर मध्यस्थाने न्यायालयाला 'झाले नाही' एवढेच कळवायचे, कोण आडमुठे वागले हे नाही. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा घालून दिली. मुलाच्या बाबतीत मात्र 2019 च्या निकालाने एक खिडकी उघडी ठेवली आहे: ताब्याच्या वादात मुलाशी बोलून समुपदेशकाने दिलेला अहवाल न्यायालय पाहू शकते, कारण तिथे प्रश्न आईबापांच्या गुपिताचा नसतो.

भाषेचाही आग्रह धरावा. आदिलाबादला कोर्टाचा कारभार तेलुगू-इंग्रजीत, सून मराठी बोलणारी, सासू गोंडी किंवा गोरमाटी. दुभाषा म्हणून नवऱ्याचाच चुलतभाऊ बसला तर मध्यस्थी तिथेच संपली. मराठी जाणणारा मध्यस्थ मागणे हा हट्ट नाही, आणि लिहिलेला करार आपल्या भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही.

आता मुलाकडे येऊ. मध्यस्थीचा खरा कस इथे लागतो, आणि मला वाटते की बहुतेक करार इथेच आळशीपणाने लिहिलेले असतात. 'मूल आईकडे राहील, वडिलांना सुट्टीत भेटता येईल.' हे वाक्य लिहिणाऱ्याने पुढच्या दहा वर्षांच्या भांडणाची पेरणी केली. सुट्टी म्हणजे कोणती? तेलंगणातल्या शाळांना लांब सुट्टी असते दसऱ्याला, बतुकम्माच्या दिवसांत, दिवाळीला नाममात्र. महाराष्ट्रातल्या शाळा दिवाळीला बंद असतात आणि दसऱ्याला एखादा दिवस. मूल किनवटच्या शाळेत असेल आणि बाप नेरडीगोंड्याला, तर 'दसऱ्याची सुट्टी वडिलांकडे' या कलमाने बापाला एक दिवस मिळतो. उन्हाळ्याचेही तसेच: तेलंगणात शाळा साधारण 12 जूनला उघडतात, मराठवाड्यात जूनच्या मध्याला, विदर्भात जूनच्या अखेरीस. ज्याला हे माहीत आहे असा मध्यस्थ विचारतो:

"रविवारी मुलाला परत किती वाजता सोडणार, दादा?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळी म्हणजे? तिकडची शेवटची बस किती वाजता असते?"

बापाला ते माहीत नसते. मग तो फोन करून विचारतो. त्या एका फोनमध्ये पुढच्या पन्नास रविवारांची भांडणे वाचतात. कोणाच्या घरून कोण नेणार, भेट बसस्टँडवर की आजीच्या घरी, पोळा कुठे, संक्रांत कुठे, मूल तापाने फणफणले असेल तर भेट पुढे ढकलायची की रद्द, आठवड्यात व्हिडिओ कॉल कोणत्या वारी आणि फोन कुणाचा, हे सगळे लिहिले पाहिजे. व्हिडिओ कॉलवरची भेट सर्वोच्च न्यायालयानेही 2020 मध्ये उचलून धरली आहे.

या भागाची आणखी एक खासियत म्हणजे निवासी शाळा. आश्रमशाळा आणि गुरुकुलांत शिकणारी मुले वर्षातले बहुतेक महिने ना आईकडे असतात ना बापाकडे. त्यांच्या बाबतीत 'ताबा' म्हणजे वसतिगृहाच्या रजिस्टरवर पालक म्हणून कोणाचे नाव, भेटीच्या दिवशी दोघांनाही सोडणार का, घरी न्यायला आल्यावर सही कोण करणार. वॉर्डनला कराराची प्रत दिली नाही तर तो जो आधी येईल त्याच्या हातात मूल देतो, आणि त्याचा दोषही नसतो. टीसी, जातीचा दाखला, आधार, रेशनकार्ड ही कागदपत्रे कोणाकडे राहणार हेही तिथेच ठरवावे. बंजारा मुलाच्या बाबतीत तर ते फारच नाजूक, कारण बापाकडच्या राज्यात त्याला जमातीचे आरक्षण आहे आणि आईकडच्या राज्यात ते वेगळ्या प्रवर्गातून मिळते.

मध्यस्थीने मुलांचे भले होते का, याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतला आहे. व्हर्जिनियात रॉबर्ट एमरी या मानसशास्त्रज्ञाने ताब्यासाठी भांडणारी कुटुंबे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली, काही मध्यस्थीकडे, काही नेहमीच्या कोर्टाकडे. मध्यस्थीला सरासरी पाच-सहा तास लागले होते. बारा वर्षांनी पाहिले तर मूल ज्यांच्याकडे राहत नव्हते अशा पालकांपैकी मध्यस्थी गटातले 28 टक्के आठवड्यातून एकदा तरी मुलाला भेटत होते. कोर्ट गटातले 9 टक्के. कुटुंबे थोडी होती, देश वेगळा होता. तरी पाच-सहा तासांच्या बोलण्याचा माग बारा वर्षांनी सापडावा, ही साधी गोष्ट नाही. कॅलिफोर्नियात तर ताब्याचा वाद असेल तर 1981 पासून आधी मध्यस्थीला बसावेच लागते. आपल्या विधी आयोगानेही 2015 च्या 257 व्या अहवालात ताब्याच्या वादांसाठी मध्यस्थीचा आणि दोन्ही पालकांच्या सहभागाचा आग्रह धरला; त्यावर कायदा व्हायचा आहे.

पैशाचे थोडक्यात. न्यायालय पोटगी महिन्याला ठरवते. नेरडीगोंड्याच्या कापूसवाल्याच्या हातात पैसा येतो तो वेचणीनंतर, कापूस विकला की. जून-जुलैत बियाणे-खतात तो कर्जात असतो, त्या महिन्यांची पोटगी थकते आणि वॉरंट निघते. मध्यस्थीत ठरवता येते की दरमहा थोडी रक्कम आणि संक्रांतीच्या सुमारास मोठा हप्ता. मिळकतीबद्दल मात्र शब्दावर विश्वास ठेवू नये. नागपूर खंडपीठातून गेलेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचे शपथपत्र देणे सक्तीचे केले; तोच तक्ता मध्यस्थीच्या टेबलावर मागून घ्यावा. आणि आईने रागाच्या किंवा सुटकेच्या भरात 'मला काही नको, पोरालाही नको' असे लिहून दिले, तरी मुलाचा हक्क त्याने बुडत नाही. तो तिच्या सहीने सोडता येणारा नसतोच.

तडजोडीच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांना एक जुनी आठवण करून द्यावीशी वाटते. मराठी मुलखातला सर्वांत गाजलेला वैवाहिक खटला रखमाबाईंचा. अकराव्या वर्षी लग्न. 1884 मध्ये नवरा दादाजी भिकाजी याने त्यांना नांदायला पाठवावे म्हणून दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात उलटले, 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी सासरी जा नाहीतर सहा महिने तुरुंग असा हुकूम दिला. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे पेटली, इंग्लंडात चर्चा झाली. शेवटी जुलै 1888 मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हुकूम न बजावण्याचे कबूल केले. चार वर्षे आणि तीन निकाल झाल्यावर सुटका झाली ती तडजोडीनेच. पुढच्याच वर्षी रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेला गेल्या.

तरीही प्रत्येक जोडप्याने मध्यस्थीला बसावे असे मी म्हणणार नाही. जिथे मारहाण आहे, दारू पिऊन जीव घेण्याच्या धमक्या आहेत, जिथे बाई नवऱ्यासमोर तोंड उघडू शकत नाही, तिथे समान टेबल हे नाटक असते. तिथे आधी संरक्षणाचा आदेश, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, आणि बाकीचे नंतर. मुलावर अत्याचाराचा संशय असेल तर बोलणीच नाहीत. 2023 च्या मध्यस्थी कायद्यानेही गोपनीयतेच्या कुंपणात ही फट मुद्दाम ठेवली आहे: घरगुती हिंसा आणि बालअत्याचाराची माहिती झाकता येत नाही. (या कायद्याची सगळी कलमे एकदम लागू झाली नाहीत, काही 9 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली, म्हणून कोणते कलम आज चालते हे वकिलाला विचारावे.) त्याच कायद्यात सामुदायिक मध्यस्थी नावाचे एक प्रकरण आहे, तीन जणांचे मंडळ गावातला तंटा मिटवणार अशा धर्तीचे. गावच्या पंचांना ते आपलेच वाटेल, पण तिथल्या समझोत्याला न्यायालयाच्या हुकुमाचे बळ नाही. घटस्फोट आणि ताबा यांसाठी तो रस्ता नव्हे.

बळ येते ते करार न्यायालयापुढे ठेवल्यावर. हिंदू विवाह कायदा लागू असलेल्यांना कलम 13-ब खाली संमतीचा अर्ज करता येतो; आधी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातले सहा महिने थांबणे 2017 च्या निकालानंतर न्यायालय माफ करू शकते, जर समेटाचे प्रयत्न खरेच संपले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा यांचा निकाल दोघांनी आपसात लावला असेल. म्हणजे मध्यस्थीत नीट लिहिलेला करार वेळही वाचवतो. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो, तिच्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. ताब्याचा आदेश मात्र कधीच कायमचा नसतो. मूल मोठे झाले, शाळा बदलली, आईने किंवा बापाने दुसरे लग्न केले, तर तो बदलून मागता येतो. म्हणून करारातच एक ओळ घालावी: दर दोन वर्षांनी किंवा शाळा बदलताना वेळापत्रकाचा फेरविचार, आणि मतभेद झाल्यास आधी पुन्हा मध्यस्थाकडे.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही महिलेला, मुलाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कोणालाही, मिळकत कितीही असली तरी, मोफत वकील मिळतो. नेरडीगोंड्याच्या माणसाने आदिलाबादला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचे, किनवटकडच्याने आपल्या तालुका विधी सेवा समितीत. साध्या कागदावर अर्ज, खटला लावलेला असो वा नसो. दोन राज्यांचा मामला असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहा, मराठी बोलणारा मध्यस्थ मागा, आणि पहिल्या बैठकीला जाताना मुलाच्या शाळेचे सुट्ट्यांचे पत्रक सोबत न्या. जाणे जमत नसेल तर 15100 हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक देशात कुठूनही लागतो.